वाटेचे पुस्तक आणि आपली सायकल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे आणि तेच वाचून दाखवणार आहे. आपल्या मंडळातल्या आम्ही नऊ जणी रविवारी सकाळी सायकलीवरून फिरायला जातो हे तुम्हांला ठाऊक आहे. कोणाला त्याचे कौतुक वाटते, कोणाला हसू येते. दोन्ही चालेल. पण आता कार्यकारी मंडळापुढे प्रश्न आला आहे की ह्या फेऱ्या शहराच्या वेशीबाहेर, रानाकडे न्यायच्या की नाही. चिटणीसबाई म्हणाल्या, "जायचे तर वाट कशी ठरवता ते तरी आम्हांला समजावून सांगा." तेवढेच आज सांगते.

आमची सुरुवात किल्ल्याच्या परकोटापासून झाली. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा, अंचलेश्वर, चारही दरवाजे आपण लहानपणापासून पाहतो, पण एका दमात सगळ्यांना फेरी घातलेली बाई विरळाच. २०१७ सालापासून इको-प्रोच्या मंडळींनी परकोटावरची झाडेझुडपे काढून तो साफ केला, तेव्हा कुठे भिंत मोकळी दिसू लागली. ती फेरी एका सकाळीत होते. चार रविवार झाली, पाच रविवार झाली. मग सगळ्याच म्हणू लागल्या, आता पुढे कुठे?

ह्या "पुढे कुठे" साठी काही देशांत पुस्तके असतात. आमच्या आळीतल्या काकूंची सून अमेरिकेत फिनिक्स शहराजवळ राहते. तो सगळा वाळवंटी मुलूख. तिथे पुरुषभर नव्हे, घराएवढे उंच निवडुंग उभे असतात. ती आली तेव्हा सायकलवाटांचे एक पुस्तक घेऊन आली होती. तिथे जाड टायरच्या सायकली घेऊन लोक डोंगरातल्या, वाळवंटातल्या पायवाटांवर जातात, आणि कोणत्या वाटेने जावे हे त्या पुस्तकात पाहून ठरवतात. मला इंग्रजी येत नाही. तिने दोन दुपारी बसून मला पान न् पान समजावले.

मला वाटले होते, देखाव्यांची वर्णने असतील. तशी फार थोडी होती. एकेका वाटेला दोन दोन पाने. वाट कुठे सुरू होते, गाडी कुठे ठेवावी, अंतर किती, चढ किती, जमीन कशी, म्हणजे वाळू की खडक की खडी. कोणत्या महिन्यात जावे आणि कोणत्या महिन्यात मुळीच जाऊ नये. वाटेत पाणी आहे का. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, नाही. आणि जमीन कोणाची, परवानगी कोणाची घ्यायची. शेवटी ती वाट नवशिक्याची की मुरलेल्याची हेही लिहिलेले.

बायांनो, स्वयंपाकाच्या पुस्तकात जसे आधी साहित्य व मग कृती असते, तसेच हे. जिने पुस्तक लिहिले तिला (किंवा त्याला) वाचणारीची काळजी होती, हे त्या मांडणीवरूनच कळते. देखावा आपण पाहूच. पाणी नाही हे मात्र आधी कळले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, वाळवंटाचे पुस्तक आपल्या काय उपयोगाचे? आपल्याकडे तर रान. पण आपला मे महिना आठवा. चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, बोड्या आटतात, नाल्यांत वाळू तेवढी उरते. फिनिक्सला २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. तिथे अशा दिवसांत काही वाटा भरदुपारी बंदच ठेवतात. आपल्याकडे बंद कोण करणार? आपणच शहाणपणाने करायच्या. काटेही सारखेच. तिकडे निवडुंगाचे, इकडे बाभळीचे नि बोरीचे. पंक्चर सगळीकडे पंक्चरच.

ती सून आणखी एक गोष्ट सांगत होती. युटा राज्यात मोआब म्हणून गाव आहे. तिथे नुसत्या उघड्या खडकावरून सायकलीची प्रसिद्ध वाट जाते. खडकावर चाकोरी उमटत नाही, म्हणून पांढऱ्या रंगाच्या रेघा ओढून वाट दाखवली आहे. हे ऐकून आमच्यातली एक जण म्हणाली, "आपल्या रानातही झाडांना रंगाचे पट्टे असतात की!" असतात, पण ते वाटेचे नव्हेत. ते वनखात्याच्या कामाचे, कूपाचे, तोडीचे. हद्दीचे दगडी मुनारे असतात, त्यांवर आकडे असतात, तेही वाट सांगत नाहीत. ह्या पट्ट्यांच्या मागे लागली तर बाई रानातच फिरत राहील.

तर मग आपल्या भागाचे वाटेचे पुस्तक कोणते? सह्याद्रीकडच्या लोकांचे नशीब थोर. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा' सारखी पुस्तके त्यांच्याजवळ आहेत, गडागडाची वाट लिहिलेली. आपल्या झाडीपट्टीला तसे कोणी भेटलेले नाही. ताडोब्याची माहितीपत्रके मिळतात, पण ती जिप्सीतून जाणाऱ्यांसाठी. कोणते दार, किती वाजता, भाडे काय. तिथे गाभ्याच्या जंगलात सायकल न्यायची नसतेच, आणि ते योग्यच आहे.

आम्ही दोन कागद धरले. एक गॅझेटियर. चांदा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०९ मध्ये बेग्बी व नेल्सन ह्या साहेबांनी केले, आणि नंतर महाराष्ट्र सरकारने चंद्रपूरचे काढले. तेव्हा गडचिरोली आपल्यातच होती. वेगळा जिल्हा झाला तो १९८२ च्या ऑगस्टात. ह्या ग्रंथांच्या शेवटी गावांची माहिती असते. कुठे जुने देऊळ, कुठे तलाव, कुठे किल्ला, कुठे जत्रा. जायचे कुठे हे त्यातून सापडते.

दुसरा कागद भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा, ज्याला टोपोशीट म्हणतात. २०१७ सालापासून हे नकाशे सरकारच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. माझ्या मुलीने उतरवले आणि दुकानात मोठ्या कागदावर छापून आणले. जायचे कसे हे ह्यातून सापडते. एका कागदात साधारण सव्वीस-सत्तावीस किलोमीटर लांबीरुंदीचा मुलूख मावतो. गंमत अशी की आपले शहर वीस अंशांच्या रेषेच्या किंचित खाली आहे. त्यामुळे शहर एका कागदावर आणि ताडोब्याकडचे रान दुसऱ्या कागदावर. दोन्ही जोडून भिंतीला लावावे लागतात. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या शेजारी लावले आहेत. सासूबाई आधी म्हणाल्या, "ह्या काय रेघोट्या?" पण त्यांना त्यांचे माहेर दाखवले, गावाच्या तलावासकट, तेव्हापासून आल्यागेल्याला त्याच दाखवतात.

नकाशा वाचायला इंग्रजी फार लागत नाही. लाल दुहेरी रेघ म्हणजे पक्का रस्ता. तुटक लाल रेघ म्हणजे गाडीवाट किंवा पायवाट. आपण जिला पांदण म्हणतो ती बहुधा अशीच दिसते. निळे म्हणजे पाणी. नाला निळा असेल तर बाराही महिने पाणी, आणि काळ्या रेघेने दाखवला असेल तर तो कोरडा पडणारा. तपकिरी वळणदार रेषा उंची दाखवतात. त्या जवळजवळ आल्या की चढ, लांब लांब असल्या की सपाट. दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. वाट वाकडीतिकडी असेल तर पट्टीने मोजता येत नाही. त्याला शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यावा, किंचित ओला करावा, वाटेवरून वळणावळणाने बसवावा, आणि मग ताणून पट्टीवर मोजावा. ही युक्ती कोणी शिकवली नाही. बाहीची गोलाई मोजणाऱ्या बाईला ती सुचतेच. डांबरी रस्त्यावर आम्ही तासाला बारा किलोमीटर जातो, मुरमाच्या वाटेवर आठ. त्यावरून घरी किती वाजता येऊ ते निघण्याआधीच सांगता येते. घरातून बाहेर पडणाऱ्या बाईला हा हिशेब किती मोलाचा आहे ते मी तुम्हांला सांगायला नको.

आता नकाशा कुठे फसवतो ते ऐका, कारण बंद करायचे की चालू ठेवायचे ह्याचा निकाल इथेच आहे.

छापलेला कागद ज्या साली मोजणी झाली त्या सालीच थांबतो. रान मात्र थांबत नाही. ताडोब्याच्या भागात बोटेझरी गाव होते. २००७ मध्ये ते उठवून मूलकडे भगवानपूर म्हणून वसवले. नंतर नवेगाव, जामणी हीही गावे रानातून बाहेर आली. जुन्या कागदावर ही गावे अजून आहेत, घरांच्या टिकल्या आहेत, विहीर आहे. कागद पाहून एखादी म्हणेल, वाटेत गाव आहे, माणसे भेटतील, पाणी मिळेल. तिथे आज रिठ आहे. माणूस नाही, गवत आहे, आणि गवतात चितळ नि चितळामागे वाघ.

तसेच खाणींचे. दुर्गापूर, पद्मापूरच्या बाजूला उघड्या कोळसा खाणी किती पसरल्या ते आपण पाहतोच. जुन्या नकाशावरची वाट सरळ जाते आणि डोळ्यांसमोर मातीचा डोंगर येतो, पलीकडे खड्डा. तिसरी फसगत जाळरेषांची. वणवा पसरू नये म्हणून वनखाते रानात सरळ पट्टे साफ करते. कागदावर ते इतके नीट सरळ दिसतात की वाटते, वा, काय सुरेख रस्ता! त्याला गाव नसते, शेवट नसतो. आणि तलाव. आपल्या पूर्वेकडच्या मुलखात मालगुजारांच्या काळचे तलाव गावोगाव आहेत, कागदावर सगळे निळेशार. एप्रिलात त्यांतल्या कित्येकांत गुरे चरत असतात.

कधी उलटेही होते. १९०९ च्या ग्रंथात वैनगंगा म्हणजे आडवी आलेली नदी, डोंग्यावाचून गती नाही. आज मूलकडून चामोर्शीला जाताना हरणघाटाला पूल आहे आणि मार्कंड्याची देवळे त्यामुळे आपल्याला कितीतरी जवळ आली. तेव्हा पुस्तक हातात घेतले की पहिल्यांदा मागचे पान उलटून साल पाहायचे. पापडाचे पीठ घेताना आपण दळण कधीचे ते विचारतोच ना?

कागदानंतर माणसे. पण माणसांना विचारायचीही रीत आहे. "अमुक गाव किती दूर?" असे विचारले तर आपल्याकडे उत्तर ठरलेले, "हे काय, इथेच आहे!" पुरुषमाणूस मोटारसायकलच्या हिशेबाने सांगतो. त्याच्यापेक्षा बायांना विचारावे. डोक्यावर मोळी आणणारी, मोहफूल वेचणारी, बोडीवर धुणे धुणारी. तिला विचारावे, ह्या वाटेने बैलगाडी जाते का? रपट्यावर पाणी किती आहे? मधली बोअरिंग चालू आहे का? आणि सर्वांत आधी विचारावे की आठवड्यात कोणाला वाघ दिसला का, कोणाचे गुरू उचलले का. तिला हे सगळे ठाऊक असते, कारण तिचे रोजचे जीवन त्यावर आहे. मग वनरक्षकाला विचारावे. तो नको म्हणाला तर वाद घालू नये, फिरावे आणि घरी येऊन पोहे खावे.

कारण, भगिनींनो, आपल्या जिल्ह्यात ही नुसती भीती नाही. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्या हौसेने गेल्या नव्हत्या, पोटासाठी गेल्या होत्या. ज्या रानात त्यांना नाइलाजाने जावे लागते तिथे आपण हौसेने जातो, तेव्हा आपल्यावर जबाबदारी जास्त आहे. आपल्यापायी एखाद्या वनमजुराला संध्याकाळी शोधायला रानात शिरावे लागले, तर ती हौस कोणाला परवडली?

म्हणून आम्ही काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. सूर्य चांगला वर आल्याशिवाय रानाच्या वाटेला लागायचे नाही, आणि तीन वाजता आपण डांबरी रस्त्यावर आलेल्या असल्या पाहिजेत. पाचांहून कमी असू तर रानाकडे जायचेच नाही, शहरात फिरायचे. मार्च लागला, मोहफूल पडू लागले, की रानवाटा बंद. त्या पुढे तेंदूचा हंगाम संपेपर्यंत बंदच. पावसाळ्यातही नाही, कारण भद्रावती-वरोऱ्याकडची काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि पूर्वेकडचे नाले केव्हा फुगतील त्याचा भरवसा नाही. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चार महिने पुष्कळ झाले, बाकीचे घर-संसाराला राहू द्या. जोराने बोलत जायचे, गाणी म्हणत जायचे. सायकल आवाज करत नाही हा तिचा गुण रानात दोष ठरतो. वाकून काही वेचत बसायचे नाही, मग आवळे कितीही पडलेले असोत. प्रत्येकीजवळ दोन बाटल्या पाणी, आणि सगळ्यांत मिळून हवेचा पंप, ठिगळाचे सामान, एक जादा ट्यूब. मोबाइल असतोच, त्यात नकाशाही असतो, पण जुनोन्याच्या पुढे कित्येक जागी त्याला काही लागत नाही, तेव्हा कागद पिशवीत हवाच.

जुनोन्याचे नाव निघाले तर तेही सांगते. बाबूपेठेकडून निघाले की पंधरा किलोमीटरच्या आत जुनोन्याचा तलाव. गोंडराजांच्या वेळचे बांधकाम, काठाला जुना जलमहाल. रस्ता नवशिक्या बाईलाही जमेल. पण दोन्ही बाजूंना रान आहे आणि तिथे वाघाचा वावर आहे, म्हणून वरचे सगळे नियम तिथेही लागू. भद्रावतीला जाण्यासारखे आहे, विजासनची लेणी आहेत, जैन मंदिर आहे. परंतु हमरस्त्याने जाऊ नये. कोळशाच्या ट्रकांपुढे वाघ परवडला! नकाशात गावागावांतून जाणारी वाट शोधली तर लांब पडते, पण झाडाखाली थांबता येते. मोहर्लीचा रस्ता बफरच्या रानातून जातो. त्या बाजूला आमचे मन फार धावते, पण तूर्त नाही.

गडचिरोलीकडच्या आतल्या वाटांबद्दल मुली विचारतात. आलापल्लीहून भामरागडला जाताना वनवैभव म्हणून सहा हेक्टरचे जुने, न तोडलेले रान राखले आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळ ठरवले. साग केवढा वाढू शकतो ते तिथे पाहावे. पण ते आपल्या एका दिवसाच्या सायकलीचे अंतर नव्हे. एसटीने जावे. शिवाय त्या जिल्ह्याने वर्षानुवर्षे जे भोगले ते कोणत्याही वाटेच्या पुस्तकात नसते. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभूळखेड्याला रस्त्यातच सुरुंग उडाला आणि पंधरा पोलीस जवान गेले. रस्ता नकाशावर लाल दुहेरी रेघेचाच होता. तेथल्या लोकांना विचारल्यावाचून तिकडे पाऊल टाकू नये, एवढेच मी म्हणेन.

काही जणी म्हणतात, चाळिशीच्या बायांनी हे करावेच कशाला? त्यांच्यासाठी वरोऱ्याची आठवण देते. आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात 'भारत जोडो' यात्रा काढली. कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत तरुण मंडळी सायकलीवरून गेली. बाबांना पाठीच्या दुखण्याने बसताही येत नव्हते, ते गाडीत आडवे पडून बरोबर गेले. पुढे १९८८ मध्ये इटानगरहून ओख्यापर्यंत दुसरी यात्रा झाली. त्या यात्रा देशासाठी होत्या, आमची जुनोन्याची फेरी कुठे! पण सायकल ही लहान मुलांची वस्तू आहे असे निदान आपल्या जिल्ह्याने तरी म्हणू नये.

आणि माझे स्वतःचे कारण वेगळे आहे. माझे माहेर मूल तालुक्यात. गावात सातवीपर्यंत शाळा होती. आठवीची शाळा सहा किलोमीटरवर, मध्ये रान. मुलांना घरच्या सायकली मिळाल्या, ती गेली. आम्हा मुलींचे शिक्षण सातवीला थांबले. कोणी दुष्टपणा केला असे नाही, वाटेत रान होते आणि मुलीला सायकल द्यायची रीत नव्हती. आता मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. माहेरी गेले की सकाळी दहाच्या सुमारास त्या वाटेने पोरींची रांग जाताना दिसते, पांढऱ्या ओढण्या मागे बांधलेल्या, एक पुढे, एक मागे, मधल्या गप्पा मारत. नकाशा हाती आल्यावर मी पहिल्यांदा ती वाट दोऱ्याने मोजली. कागदावर ती बारा सेंटिमीटर भरली.

ह्या पोरींना विचारा. कोणत्या वळणावर खडी आहे, कोणत्या रपट्यावर शेवाळ आहे, कोणत्या टेकाडाला उतरून सायकल ढकलावी, कोणत्या मोहाखाली अस्वल येते, कोणत्या घरची कुत्री अंगावर येतात. हे सगळे त्यांना पाठ आहे. कोणी लिहून घेतलेले नाही. अमेरिकेतल्या त्या पुस्तकात जे आहे ते आपल्या पोरींच्या डोक्यात आहे, फरक इतकाच की तिथे त्याला छापखाना मिळाला.

म्हणून माझी सूचना अशी आहे की मंडळाने एक वही घालावी. जाड पुठ्ठ्याची, उभ्या रेघांची, हिशेबाची असते तशी. एका वाटेला दोन पाने. वर गावाचे नाव आणि कोणत्या तारखेला कोण गेले, म्हणजे पुढे वाचणारीला साल कळेल. मग अंतर, जमीन, चढ. पाणी कुठे, आणि ते कोणत्या महिन्यापर्यंत. सावली कुठे. बाईला आडोशाला जाण्याची सोय कुठे. हे कोणत्याही पुरुषाने लिहिलेल्या पुस्तकात सापडायचे नाही, आणि आम्हांला पहिल्यांदा तेच लागते. वाटेतले गाव, तिथे कोणाला हाक मारावी. वनखात्याचे नाके कोणते, परवानगी लागते का. कोणत्या महिन्यात बंद. आणि शेवटी एक रिकामी जागा, पुढच्या खेपेला जी जाईल तिने काय बदलले ते लिहायला. वाट बदलली आणि वहीत तेच राहिले तर ती वही नसलेली बरी.

वही मंडळाच्या कपाटात राहील. जिला जायचे तिने उतरवून घ्यावे, वही रानात नेऊ नये.

परकोटाची दोन पाने मी लिहून आणली आहेत. जुनोन्याची लिहायला दोघी तयार आहेत. भद्रावतीची गावावरून जाणारी वाट निम्मी झाली आहे, पुढची निम्मी डिसेंबरात. मूलहून सोमनाथच्या धबधब्याकडची वाट कोणी पाहिलेली नाही; मे महिन्यातल्या श्रमसंस्कार छावणीला तिथे गेलेल्या कोणी इथे बसल्या असतील तर त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे, कारण छावणीतली माणसे तिथले रान पायाखाली घालतात. मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या गर्दीत न जाता जानेवारीत जावे, पहिल्या दिवशी मूलपर्यंत, तिथे माझ्या भावाकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी हरणघाटावरून. भावजयीला विचारून ठेवले आहे. ती म्हणाली, नऊ जणी आल्या तरी चालेल, पण तांदूळ तुमचे.

कार्यकारी मंडळाने काय ते ठरवावे. परवानगी मिळाली तर पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता जटपुरा दरवाज्याशी जमू. हवा आदल्या रात्री भरून ठेवा, सकाळी दुकान उघडलेले नसते.